एक मीटरच्या आत

मागच्या चौदा दिवसांत आपण कुणाकुणाला भेटलो, हे एरवी कुणी विचारत नाही, म्हणून तर संसार सुरळीत चालतात. 2020 च्या मार्चमध्ये मात्र सरकारच ते विचारू लागलं. दुबईहून परतलेल्या आणि नायडू रुग्णालयात ठेवलेल्या पुण्यातल्या एका दांपत्याला कोरोना झाल्याचं 9 मार्चला निष्पन्न झालं. महाराष्ट्रातले ते पहिले दोन रुग्ण. पाठोपाठ त्यांची मुलगी आणि त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालकही यादीत आला. आमच्या नानांना, म्हणजे सासऱ्यांना, पेपर वाचताना हळहळ वाटली ती फक्त त्या टॅक्सीवाल्याची. "बिचाऱ्यानं भाडंच तर घेतलं," म्हणाले. केरळातल्या पत्तनमतिट्टा जिल्ह्यात तर इटलीहून आलेलं एक कुटुंब कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे गेलं याचा तक्ताच प्रशासनानं जाहीर केला होता. नानांनी तो मोबाइलवर बराच वेळ न्याहाळला आणि मोबाइल हलकेच पालथा ठेवला. त्या पालथ्या मोबाइलचा अर्थ मला फार उशिरा लागला.

भोरहून महाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, निरा-देवघरच्या पाण्याच्या कडेनं आमचं गाव आहे. लॉकडाऊन लागण्याच्या थोडं आधी धाकटे दीर स्वारगेटहून एसटीनं घरी आले. मागोमाग निरोप आला की त्यांच्या ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याला कोरोना झालाय. दिरांना खोकला होताच. त्यांच्या घशातला नमुना पुण्याला गेला आणि अहवाल येईपर्यंत आमच्या घराच्या संपर्कांची यादी करायचं ठरलं. तोवर गावाच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या पडल्या होत्या, आणि आमच्या दाराशी त्यांचीही गरज उरली नव्हती. आमच्या अंगणापाशी आलं की लोक रस्त्याची दुसरी कड धरत. अपवाद फक्त कुत्र्यांचा.

यादी करायला आली ती आशाताई, म्हणजे गावची आशा कार्यकर्ती. वरच्या आळीतली सून, खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर, तोंडाला ओढणी. सवयीनं चपला काढल्या आणि मग आत यायचं नाही हे आठवून परत घातल्या. सोबत अंगणवाडीच्या बाई. दोघी अंगणाच्या पार टोकाला, जास्वंदीपाशी उभ्या राहिल्या. या कामाचे महिन्याला हजार रुपये जादा मिळणार होते. "मिळतील तेव्हा खरं, वहिनी," ती म्हणाली आणि पेनाचं टोपण दातानं काढलं.

ज्या कायद्याच्या बळावर ती उभी होती तो 1897 चा. प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला साथरोग कायदा 13 मार्च 2020 ला महाराष्ट्रानं पुन्हा लागू केला होता. त्या काळी पुण्यात गोरे सोजीर थेट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत. त्या संतापातून प्लेग-अधिकारी रँडसाहेबावर गणेशखिंडीत गोळी झाडली गेली. भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान होतं. आमच्याकडे त्या काळाची घरोघर सांगितली जाणारी गोष्ट एवढीच, की घरात उंदीर पडला की माणसं चूल-भांडी घेऊन रानात झोपड्या घालून राहायला जात. सव्वाशे वर्षांत कायदा तोच राहिला आणि तो बजावणारी आमच्या लग्नात वाढायला उभी होती. तिच्यापुढे खोटं बोलणं कायद्यानं गुन्हा असेल-नसेल, पण निरुपयोगी नक्कीच होतं.

सुरुवात आत्यांपासून, म्हणजे सासूबाईंपासून झाली. त्या आधी ठामपणे म्हणाल्या, "मी कुठं जाते? उंबरासुदीक वलांडत न्हाई." आशाताई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. मग हळूहळू विरजणाची गोष्ट निघाली. आमचं विरजण नासलं म्हणून ते खालच्या आळीतून आणलं होतं. त्यांनी ते शाळेमागच्या घरातून नेलं होतं, आणि आमच्याकडून ते आणखी दोन घरी गेलं. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत, कुणाच्या लक्षात न येता रातोरात सगळं दूध आपल्यासारखं करून टाकणारी ती चिमूटभर वस्तू. हा आजार नेमका कसा पसरतो, हे त्या दिवशी आत्यांइतकं कुणालाच कळलं नसेल. "म्हंजी दह्यावानीच की गं," त्या पुटपुटल्या आणि गप्प झाल्या. आशाताईनं सगळी घरं लिहून घेतली. दिरांच्या नमुन्यात काही निघालंच, तर पुन्हा पळापळ नको.

मग नाना. "मी कुणालाच भेटलो नाही." रजिस्टरची दोन पानं उलटली गेली. "नाना, तारखेला गेलता ना भोरला?"

इथे बांधाची हकिगत सांगायला हवी. आमचं आणि तात्यांचं भावकीतलं भांडण भाताच्या खाचरांमधल्या बांधावरून. दोन हात रुंदीची माती. दावा भोरच्या कोर्टात इतका जुना, की पहिल्या वकिलांचा मुलगा आता आमचं काम बघतो. लग्नकार्यात बोलावणं नाही, बायकांनी विहिरीवर एकमेकींकडे बघायचं नाही. मी सून म्हणून आले तेव्हा देवघर कुठे आहे याच्या आधी मला तात्यांचं दार कुठलं आणि त्याकडे पाठ कशी करायची, हे दाखवलं होतं.

"एसटीत शेजारी कोण होतं?" आशाताईनं विचारलं. नाना जास्वंदीकडे बघू लागले. "किती वेळ होतं?" "तासभर." "अंतर?" नानांनी उत्तर दिलं नाही. एसटीच्या बाकावर दोघांमध्ये किती अंतर राहतं ते सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. तेव्हाचा नियम एक मीटरचा आणि पंधरा मिनिटांचा होता. हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या दिवशी कोर्टात तातडीची कामं सोडून सगळं बंद होतं, तारीख पुढची मिळाली. मग वादी-प्रतिवादींनी स्टँडसमोर एक प्लेट भजी मागवली. एकच, कारण दोघांनाही डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय. चहा बशीत ओतून अर्धा-अर्धा. आणि हे त्याच दिवशी नाही, दर तारखेला. परतताना गावाच्या अलीकडच्या थांब्यावर एक जण उतरे आणि चालत येई, म्हणजे दोघे वेगवेगळे आले असं दिसे. आळीपाळीनं.

आशाताईनं लिहिलं: तात्या, वय सत्तर, जवळचा संपर्क. आत्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं त्याला रोगाची भीती म्हणता येणार नाही. नवऱ्याला कोरोना होईल हे त्यांनी एक वेळ पचवलं असतं. भजी पचेनात.

रस्त्यापलीकडे तात्यांच्या घरीही त्याच संध्याकाळी रजिस्टर गेलं. थोड्याच वेळात तिकडून काकूंचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा, आवाज आला, इतका मोठा की धरणाच्या पाण्यावरून परत आला. त्यानंतर दोन्ही घरं चौदा दिवस आपापल्या अंगणात. सरकारनं वेगळं ठेवलं, तेही एकमेकांसमोर. नाना आणि तात्या आपापल्या ओट्यावर बसत, आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून मोठ्यानं बोलत. पाऊस कधी, बियाणं इंद्रायणी की आंबेमोहोर, कोर्ट कधी उघडणार. मधे तो दोन हातांचा बांध नव्हता, चांगला वीस हातांचा रस्ता होता. आत्या पहिले काही दिवस आत भांडी जोरात ठेवत राहिल्या. मग एका सकाळी मला म्हणाल्या, "तिकडं दूध ऱ्हायलंय का इचार. आशाबरूबर धाड वाईच."

दिरांचा अहवाल निगेटिव्ह आला. खोकला धुळीचा निघाला. पुढे कोर्टं उघडली तेव्हा माझ्या नवऱ्यानं नानांपुढे रीतसर विषय काढला. आता सगळं उघडच झालंय, दोन्हीकडचे वकील तयार आहेत, तडजोड लिहून घेऊ, केस काढून टाकू. नानांनी चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला.

"काढून टाकू?" ते म्हणाले. "मग तात्याबरोबर भोरला जायचं कशाच्या नावावर?"