निपाणीची पंचवीस मिनिटं

बेळगावात सिनेमाचा वाद लागला की दोन नावं हमखास निघतात: शांतारामबापू आणि जब्बार पटेल. एक गट 'दो आँखें बारह हाथ'वर अडून बसतो, दुसरा 'पिंजरा' सोडत नाही. जब्बारांचा विषय निघाला की 'सामना' मोठा की 'सिंहासन', यावर अख्खी संध्याकाळ जाते. 'उंबरठा'ची बाजू लावून धरणारी बहुतेक वेळा एखादी बाईच असते. हे वाद चांगले आहेत, ते होत राहावेत. पण आपल्याच जिल्ह्यात चित्रित झालेली, आपल्याच बाया जिच्यात बोलल्या, ती फिल्म या गप्पांत कधी येत नाही. याचा मला राग येतो.

फिल्मचं नाव 'तंबाखू चाकीला ऊब आली'. साल १९८२. जागा निपाणी. कृष्णधवल, जेमतेम पंचवीस मिनिटांची. दिग्दर्शिका दीपा धनराज. १९८० साली सुरू झालेल्या 'युगांतर' या स्त्रियांच्या गटानं ती केली. दीपांसोबत आभा भैया आणि मीरा राव होत्या. कॅमेरा नवरोज काँट्रॅक्टर यांचा. मणी कौल यांची 'दुविधा' टिपणारे तेच. वर्षभर आधी याच गटानं पुण्यातल्या घरकामगार बायांवर 'मोलकरीण' केली होती. तिथून त्या थेट निपाणीच्या वखारींत आल्या.

माहितीपटांच्या दुनियेत दीपा धनराज हे फार मोठं नाव आहे. त्यांची सर्वोत्तम फिल्म कोणती, यावर अभ्यासक भांडतात. कुणी 'क्या हुआ इस शहर को?' म्हणतं. हैदराबादेत १९८४ साली झालेल्या दंगलींमागचं राजकारण १९८६ सालीच उघडं पाडणारी ती फिल्म. कुणी १९९१ च्या 'समथिंग लाइक अ वॉर'चं नाव घेतं. नव्या पिढीला रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतरच्या आंदोलनावरची 'वी हॅव नॉट कम हिअर टू डाय' जवळची वाटते. माझं मत ठाम आहे. पहिला नंबर निपाणीचा.

कारणं सांगतो.

पहिलं कारण, ती कशी बनली. युगांतरच्या बाया कॅमेरा घेऊन आल्या, दोन दिवसांत रडणाऱ्या चेहऱ्यांची दृश्यं गोळा केली आणि बस पकडली, असं झालं नाही. चार महिने त्या कामगार बायांबरोबर होत्या. आधी ऐकलं. वखारीत काय होतं, मजुरी कशी कापली जाते, संघटना कशी बांधली, पुढचं पाऊल कोणतं, हे सगळं बोलून झालं. काय दाखवायचं हेही बायांबरोबर बसून ठरलं. संघटना उभी राहतानाचे प्रसंग बायांनी स्वतः पुन्हा करून दाखवले. आपल्या लढ्याची गोष्ट आपणच कॅमेऱ्यापुढे मांडायची, ही मुभा १९८२ साली किती कामगारांना मिळाली होती?

दुसरं कारण, तिनं दार उघडलं. तंबाखूची वखार बाहेरून पाहिली तर नुसती भिंत आणि वास. आत बाया तंबाखू कुटतात, चाळतात, आणि तो खकाणा नाकातोंडात, डोळ्यांत, घरी नेलेल्या लुगड्यात बसतो. वर मुकादमाची अरेरावी आणि नको तिथं पोचणारा हात. अनिल अवचट यांनी निपाणीच्या या बायांवर लिहिलं, तेव्हा मराठी वाचक हादरला. फिल्मनं ती वखार डोळ्यांपुढे आणली आणि तिथं थांबली नाही. हाल दाखवणं सोपं असतं. हाल सोसणाऱ्या बाया एकत्र येऊन मालकापुढे उभ्या कशा राहिल्या, हे दाखवायला हिंमत आणि अक्कल दोन्ही लागतात. प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली ही संघटना असंघटित बायांच्या त्या काळातल्या मोठ्या चळवळींपैकी एक होती. पडद्यावर त्या कुणाच्या दयेला हात पसरत नाहीत, हक्क मागतात.

आता समोरच्या बाजूचं. 'समथिंग लाइक अ वॉर' ही जबरदस्त फिल्म आहे. आपल्या शस्त्रक्रियांचे आकडे अभिमानानं सांगणारा डॉक्टर, रांगेत निजवलेल्या बाया, आणि दुसरीकडे आपल्या शरीराविषयी मोकळेपणानं बोलणाऱ्या बाया. लोकसंख्येच्या नावाखाली सरकार काय करत होतं, हे तिनं जगाला दाखवलं. तिचा पल्ला मोठा, परिणाम मोठा, मांडणी जास्त पक्की. हे सगळं मला मान्य आहे. पण त्या फिल्ममध्ये जे सर्वात सुंदर आहे, म्हणजे वर्तुळात बसून बोलणाऱ्या बाया, ते दीपा धनराज निपाणीत आणि पुण्यात शिकल्या, असं मला वाटतं. बायांना प्रश्न विचारून गप्प बसायचं, त्यांना एकमेकींशी बोलू द्यायचं, कॅमेऱ्यानं घाई करायची नाही. पुढच्या चाळीस वर्षांच्या कामाचं मूळ त्या पंचवीस मिनिटांत आहे.

कुणी म्हणेल, ही तर गटानं केलेली फिल्म, मग ती एका दिग्दर्शिकेच्या नावावर का मांडायची? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की दिग्दर्शकाच्या खुर्चीचा अधिकार वाटून घेणं हाही दिग्दर्शनातला निर्णय असतो. त्यात निपाणीच्या बायांना वाटेकरी करून घेणं हा आणखी मोठा निर्णय. दीपा धनराज यांच्या कारकिर्दीत त्याहून धाडसी निर्णय मला दिसत नाही.

निपाणीचं नाव काढलं की लोकांना १९८१ आठवतं. शरद जोशींचं तंबाखू आंदोलन, पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसलेले शेतकरी, एप्रिलमधला गोळीबार. ते आठवायलाच हवं, तिथं माणसं मेली. पण त्याच गावात, त्याच तंबाखूवर, त्याच वर्षांत आणखी एक लढा चालू होता आणि तो वखारीतल्या बायांचा होता. शेतात पिकवणाऱ्याचा लढा आपल्या तोंडी राहिला, कुटणारीचा विसरला. फिल्म हातात असूनही विसरला, म्हणून हा विसर जास्त बोचतो.

विसरण्याचं दुसरं कारण सीमा. गाव कर्नाटकात, म्हणून मराठी सिनेमाच्या गप्पांत ही फिल्म नाही. शीर्षक मराठी, गावातल्या बायांची बोली मराठी, म्हणून कन्नड सिनेमाच्या गप्पांतही नाही. करणारा गट बंगळूरचा, म्हणून बेळगावला ती आपली वाटत नाही. निपाणीच्या मुलांचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात, आणि गाव कर्नाटकात. इतकं मिसळलेलं जगणं रोज जगणाऱ्या माणसांनी तरी फिल्मला राज्य विचारू नये. तिकडे बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेनं युगांतरच्या फिल्मा डिजिटल करून जपल्या. बर्लिनला निपाणीच्या वखारीची किंमत कळली. पाऊणशे किलोमीटरवरच्या बेळगावाला ती कळायला आणखी किती वर्षं हवीत?

म्हणून माझी मागणी साधी आहे. बेळगावच्या लोकमान्य रंगमंदिरात, मराठा मंदिरात, सार्वजनिक वाचनालयात वर्षभर कार्यक्रम होतात. त्यातली एक संध्याकाळ या फिल्मला द्या. सोबत 'मोलकरीण' लावा, 'समथिंग लाइक अ वॉर' लावा आणि मग खुशाल भांडा. देवचंद कॉलेजनं आपल्या विद्यार्थ्यांना ती दाखवावी. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या आज्या त्या वखारींत राबल्या असतील.

पण पहिला खेळ निपाणीत व्हायला हवा आणि पहिल्या रांगेत त्या काळच्या कामगार बाया बसायला हव्यात. तेव्हा विशीत असलेल्या आज साठी ओलांडून गेल्या आहेत, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये. खेळ संपल्यावर माइक त्यांच्या हातात द्या. काय खरं दाखवलं, काय राहून गेलं, लढून काय मिळालं आणि काय हातचं गेलं, ते त्यांना सांगू द्या. ही फिल्म दीपा धनराज यांची सर्वोत्तम आहे की नाही, याचा निकाल देण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे. त्यांनी माझं मत खोडून काढलं, तर मी ते त्याच सभागृहात मागे घेईन.