वर्गविलीनीकरणाची शास्त्रोक्त पद्धत

ज्या सार्वजनिक चित्रसंग्रहात कोणीही यावे, छायाचित्र ठेवावे आणि त्यास मनास येईल ते नाव देऊन निघून जावे अशी उदार व्यवस्था असते, त्या संग्रहास शिस्त लावण्याचे पवित्र कार्य ज्यांनी स्वेच्छेने, विनावेतन आणि बहुधा मध्यरात्री अंगावर घेतले आहे, त्यांच्या उपयोगार्थ ही नियमावली सिद्ध केली आहे. उदाहरणांसाठी विकिमीडिया कॉमन्सचे दप्तर घेतले आहे. २००४ साली उघडलेल्या या दप्तरात आज १० कोटींहून अधिक फायली असून तेथे टॅगांचे काम ‘वर्ग’ करतात.

कलम पहिले. दोन वर्ग एक करण्यापूर्वी त्यांची नावे वाचून समाधान मानू नये. आतील चित्रे उघडून पाहावीत. राजगड आणि रायगड यांत एकाच अक्षराचा फरक पाहून नवशिक्या उमेदवारास लेखनदोष सापडल्याचा आनंद होतो आणि तो शिवछत्रपतींच्या दोन राजधान्यांची तत्काळ एक राजधानी करून टाकतो. परिणामी सुवेळा माची महाड तालुक्यात दाखल होते आणि १६७४ चा राज्याभिषेक पद्मावती माचीवर पार पडतो. उलट तोरणा व प्रचंडगड, किंवा सिंहगड व कोंढाणा, यांच्या नावांत काडीचे साम्य नसल्यामुळे एकाच गडाची दोन खाती वर्षानुवर्षे शेजारी शेजारी सुखाने नांदतात.

कलम दुसरे. ‘कुलाबा’ हा शब्द दिसताच हात आखडता घ्यावा. अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ला निराळा, मुंबईच्या दक्षिण टोकाचा कुलाबा निराळा, आणि १९८१ साली ज्याचे नामांतर होऊन रायगड जिल्हा झाला तो कुलाबा जिल्हा तिसराच. परंतु रोमन लिपीत हे नाव लिहिणाराच्या लहरीनुसार कधी ‘सी’ने तर कधी ‘के’ने सुरू होत असल्यामुळे या तिघांच्या मिळकती एकमेकांच्या हद्दीत घुसण्यास वाव राहतो. अशा ठिकाणी विलीनीकरण नव्हे, खातेफोड करावयाची असते. आणि खातेफोडीत एकेक चित्र हाताने उघडावे लागत असल्यामुळे तिला स्वयंसेवक मिळत नाहीत.

कलम तिसरे. अंश आणि अंशी यांस समानार्थी समजू नये. बुरूज हा किल्ल्याचा पर्याय नसून फार तर पोटवर्ग होय. हा भेद न पाळल्यास किल्ला शोधणारास केवळ बुरूज दिसतात आणि बुरूज शोधणारास सगळा सह्याद्री.

कलम चौथे. कोणते नाव कायम राहावे याविषयी चावडीवर, म्हणजे संग्रहाच्या चर्चापानावर, हरकती मागवाव्यात. मुंबईच्या एकाच स्थानकास व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणावे, १९९६ चे छत्रपती शिवाजी टर्मिनस म्हणावे की २०१७ पासूनचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणावे, हा प्रश्न ज्यास सोपा वाटतो त्याने चावडीवर तो एकदा विचारून पाहावा. निर्णय झाल्यास, म्हणजे बाकीचे थकल्यास, जुन्या वर्गावर पुनर्निर्देशनाचा साचा लावावा. त्यातील फायली सांगकाम्या, म्हणजे बॉट, यथावकाश नव्या वर्गात नेऊन ठेवतो. मात्र सांगकाम्या हा आज्ञाधारक कारकून असल्यामुळे चुकीचा हुकूमही तितक्याच निष्ठेने बजावतो, आणि मिसळलेल्या फायली पुन्हा वेगळ्या करण्यासाठी प्रत्येकीचा इतिहास स्वतंत्रपणे चाळावा लागतो, हे साचा लावण्यापूर्वी ध्यानी घ्यावे.

कलम पाचवे व अखेरचे. अशुद्ध नावाचा वर्ग रिकामा झाला म्हणून तो निकालात काढण्याची घाई करू नये. पुनर्निर्देशन म्हणून त्यास दप्तरी राहू द्यावे. सिंहगडाच्या रोमन लेखनात एखादे ‘ए’ गाळणारा मनुष्य उद्याही तेच गाळणार आहे. आणि उन्हातान्हात गड चढून छायाचित्र काढणारा व ते संग्रहास फुकट देणारा इसम तोच असतो, तर आपण शुद्धलेखनाचे कैवारी त्या वेळी पंख्याखाली बसून त्याच्या ‘ए’ची वाट पाहत असतो.