सदऱ्यासकट श्रमदान

पर्यावरणावर बोलायला मी कधीच नाही म्हणत नाही. बोलायला म्हणजे सावलीत उभं राहून, हातात माईक धरून. म्हणून मेहुण्याच्या गावच्या शाळेनं बोलावलं तेव्हा कडक इस्त्रीचा सदरा घातला, सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितल्याचा मुद्दा घोकला आणि पोचलो, तर शाळेत चिटपाखरू नाही. सगळी शाळा ओढ्यावर, आणि निम्मं गावही. गुरुजींनी हाती माईकऐवजी फावडं दिलं.

वनराई बंधारा घालायचा होता. मोहन धारियांच्या ‘वनराई’ संस्थेनं गावोगाव नेलेलं हे काम तसं सोपं (इतरांना). पावसाळा सरून धार बारीक झाली, की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची आणि वीटकामासारखे सांधे चुकवत थर लावायचे. पाणी अडतं, मुरतं आणि आसपासच्या विहिरी जरा जास्त टिकतात. पोरं दोराला दगड बांधून विहिरीची पातळी मोजतात, फळ्यावर मांडतात. हे सगळं मला सातवीतल्या एका मुलीनं सांगितलं आणि मग टोकलंही, कारण मी गोणी गळ्यापर्यंत ठासली होती.

"काका, थोडी रिकामी ठेवायची. म्हणजे दबून बसते. ही गोलच राहणार, फटीतून पाणी जाणार."

गोणी थरापर्यंत गेली तर ना, माझ्याच्यानं तर ती हलतच नव्हती. मग माझी बदली शिवणकामावर झाली. तिथे पोरांच्या आज्या दाभण-सुतळी घेऊन बसलेल्या. मीही गोणी गुडघ्यांत धरली आणि आज्यांना भूजल समजावत, ज्यांनी हयातभर विहिरीचं पाणी शेंदलं त्यांना, बरं का, टाके घालत गेलो, गाठ आवळली, ऐटीत उठलो, तर गोणीही उठू लागली. सदऱ्याचा घेर आत शिवला गेला होता.

"पाव्हणं बी थरातच लावायचं का?" एका आजींनी विचारलं.

विळ्यानं सुटका झाल्यावर मला बालवाडीबरोबर चपला राखायला बसवलं. हे जमण्यासारखं होतं. मी सगळ्या चपला नीट जोडीनं, पाण्याच्या कडेला, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला मांडल्या आणि झाडाला टेकून अंमळ डोळे मिटले. शेवटचा थर बसला, पाणी तुंबलं, हळूहळू चढलं.

बंधारा यशस्वी झाल्याचं गावात सर्वांत आधी कळलं ते सरपंचांच्या चपलांना.