'एकावर एक फुकट'कारांस अनावृत पत्र

प्रति,
'एकावर एक', 'दोनावर एक', 'तिनावर एक फुकट' इत्यादी योजनांचे सन्माननीय जनक,
स. न. वि. वि.

अकोला–पूर्णा लोहमार्गावरील जऊळका (ता. मालेगाव, जि. वाशीम) येथील किराणा दुकानाच्या फळीपर्यंत आपले औदार्य पोहोचले असून, प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेल्या साबणाच्या चार वड्यांवर 'फुकट' हा शब्द साबणाच्या नावाहूनही ठळक झळकतो, याबद्दल आपले अभिनंदन करणे क्रमप्राप्त आहे. सोयाबीनची एकरी झडती तोंडपाठ असणाऱ्या आणि अडत्याच्या काट्यावर कडत्यापोटी किती किलो गेले हे घरी पोहोचेपर्यंत न विसरणाऱ्या या गावाला हिशेब नवा नाही. तरीही आपल्या योजनेपुढे भलेभले गडबडतात, आणि हे यश सर्वस्वी आपले आहे.

या यशाचे मर्म छेदात आहे. प्रभावी सूट म्हणजे घरी आलेल्या एकूण मालाच्या छापील किमतीपैकी जो भाग द्यावा लागला नाही, त्याची टक्केवारी. म्हणून फुकट नगांची संख्या विकत घेतलेल्या नगांनी नव्हे, तर विकतचे आणि फुकटचे मिळून होणाऱ्या एकूण नगांनी भागावी लागते. 'तिनावर एक' म्हणताच मनात एक-तृतीयांश येतो, पण पिशवीत वड्या चार असल्याने सूट 25 टक्केच ठरते. 'दोनावर एक' म्हणजे निम्मे नव्हे, 33.33 टक्के, आणि 'पाचावर एक' हे दिलदार वाटणारे दान 16.67 टक्क्यांवर येऊन थांबते. 'एकावर एक'मध्ये 50 टक्के खरेच मिळतात, मात्र दोन्ही नगांची किंमत समान असेल तरच, कारण 1000 रुपयांच्या सदऱ्यावर 600 रुपयांचा सदरा 'फुकट' आला तर 1600 पैकी 600 वाचतात, म्हणजे 37.5 टक्के. 40 रुपयांची वस्तू आधी 60 रुपयांची करून मग तिच्यावर जोडीदार देण्याची आपली कल्पकता हिशेबात धरली, तर 80 रुपयांच्या मालावर 20 रुपये सुटतात आणि निम्म्याचा पाव होतो. 'तिनावर एक'मधली मुळात एकच वडी लागत असेल, तर सूट केवळ कागदावर राहते आणि खर्च मात्र तिप्पट होतो, हे तर सांगणेही नको.

दुकानदार या जाळ्यात सहसा सापडत नाही: वितरकाकडून 'बारावर एक' अशी स्कीम आली की तो रक्कम तेराने भागून नग काय भावाने पडला ते पाहतो, आणि 7.69 टक्के एवढेच हाती आल्याचे जाणतो. सरकारही फसत नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने 7 मार्च 2019 च्या परिपत्रकात वस्तू व सेवा कराच्या संदर्भात स्पष्ट केले आहे, की 'एकावर एक फुकट' हा फुकट पुरवठा नसून फार तर एका किमतीत दोन वस्तूंचा पुरवठा होय. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 तर त्याहून रुक्ष आहे: ज्या वस्तूची किंमत व्यवहाराच्या एकूण रकमेत पूर्णतः वा अंशतः वसूल झाली आहे, ती फुकट दिल्याचा भास निर्माण करणे यास तो अनुचित व्यापारी प्रथांमध्ये गणतो. अशा अरसिक कायद्यांच्या राज्यात आपल्या काव्यप्रतिभेची कदर कोणी करावी?

तेव्हा जऊळक्याच्या ग्राहकवर्गातर्फे एकच अल्पशी विनंती आहे. 'तिनावर एक' या जुडग्यातील चार वड्यांपैकी फुकटची नेमकी कोणती, हे वेष्टनावर ठळक खुणेने दाखवावे, म्हणजे विकतच्या तीन वड्या दुकानातच ठेवून तेवढी एक घरी नेता येईल, आणि आपल्या शब्दाप्रमाणे तिचे काहीच पैसे पडणार नसल्याने सुट्ट्या पैशांचाही प्रश्न उद्भवणार नाही.

कळावे, लोभ असावा.