क्रश असू दे, पाठलाग नको

मुरूडहून, रेवदंड्याहून अलिबागला येणाऱ्या सकाळच्या एसटीत कॉलेजच्या मुलींच्या घोळक्याशेजारी बसा. ‘तो माझा क्रश आहे’ हे वाक्य कानावर पडतंच. आमच्या वेळी ‘लाइन मारणं’ होतं, ‘भाव देणं’ होतं. त्यात समोरचीकडून काहीतरी मिळवायचंच असे. क्रश त्या मानाने फार सभ्य. कोणीतरी आवडलं, मैत्रिणींनी चिडवलं, परीक्षा आली, विरून गेलं. त्या दुसऱ्या माणसाला बऱ्याचदा पत्ताही नसतो. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ कादंबरीतला नववीतला जोशी शिरोडकरसाठी झुरतो. आणीबाणीच्या काळातल्या त्या पोराकडे हा शब्द नव्हता, ओढ मात्र हीच. यात आईबापांनी डोक्याला हात लावावा असं काही नाही.

संताप येतो तो आपल्या वर्तमानपत्रांच्या लाडक्या ‘एकतर्फी प्रेमा’चा. 1990 मध्ये उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात एका विद्यार्थिनीला जाळून मारलं, फेब्रुवारी 2020 मध्ये हिंगणघाटला कॉलेजात निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल ओतलं. दोन्ही वेळा मथळ्यांत प्रेमच. हिंगणघाटच्या मारेकऱ्याला न्यायालयाने 2022 मध्ये जन्मठेप दिली. प्रेमाला जन्मठेप होत नसते. ज्याने नकार ऐकला आणि तरी मागे लागला, त्याच्या कृत्याला प्रेमाचं नाव देणं म्हणजे त्याची वकिली करणं. संपादकांनी हे दोन शब्द गुन्ह्याच्या बातमीतून काढून टाकावेत.

कायदा इथे स्पष्ट आहे. बाईने नको म्हटल्यावरही वारंवार पाठलाग करणं, संपर्क साधत राहणं, तिच्या इंटरनेटवरच्या वावरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर पाच. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सोही लागू शकतो.

पण कायदा कागदावर असून भागत नाही. आपल्याच जिल्ह्यात, उरणला, जुलै 2024 मध्ये वीस वर्षांच्या मुलीचा खून झाला. त्यात अटक झालेल्या माणसाविरुद्ध तिच्या घरच्यांनी 2019 मध्येच पोक्सोखाली तक्रार केली होती. घरच्यांनी करायचं ते केलं होतं. एकदा तक्रार झालेल्या माणसावर पुढे लक्ष कोणी ठेवायचं, याचं उत्तर पोलिसांनी द्यायला हवं.

बाकी घरांत काय होतं, तेही बघा. स्टँडवर कोणी मागे लागतो हे मुलीने सांगितलं, की पहिला निर्णय तिचं कॉलेज बंद करण्याचा. दुसरा, स्थळं बघण्याचा. मागे लागणारा मात्र त्याच स्टँडवर उभा. म्हणून मुली सांगतच नाहीत, आणि आपल्याला कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

तेव्हा पोरीने क्रशचं नाव सांगितलं तर हसून ऐका. कोणाची भीती वाटते म्हणाली, तर त्याच दिवशी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा. तातडी असेल तर 112 लावा. आणि दुसऱ्या दिवशी तिला कॉलेजला पाठवा.