गृहसर्व्हर : स्थापना, देखभाल व कलहनिवारण

गृहसर्व्हर म्हणजे घरातील मोबाइल, लॅपटॉप आणि टीव्ही यांना मागतील तेव्हा फायली पुरवता याव्यात म्हणून अहोरात्र चालू ठेवलेला, आणि म्हणूनच घरातल्या माणसांना अहोरात्र ऐकू येणारा संगणक होय. या व्याख्येचा पूर्वार्ध विक्रेत्यांना मान्य असतो आणि उत्तरार्ध कुटुंबीयांना. दोन्ही भाग एकाच वेळी मान्य करून खिशात हात घालणाऱ्या व्यक्तीस प्रस्तुत विवेचनात ‘धारक’ असे म्हटले आहे.

सर्व्हर कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर स्थापनेपूर्वीच तयार ठेवणे इष्ट, कारण तो प्रश्न खर्चाच्या प्रत्येक टप्प्यावर नव्याने विचारला जातो. सर्वाधिक वापरात असलेले उत्तर बचतीचे आहे. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट साठवणीची सोय बंद केली आणि नवी छायाचित्रे १५ जीबीच्या सामाईक मर्यादेत मोजायला सुरुवात केली, तेव्हापासून या उत्तराला विशेष बळ आले. दरमहा भाडे भरत बसण्यापेक्षा एकदाच डिस्क घेतलेली बरी, असे त्याचे थोडक्यात स्वरूप असते. हिशेब मात्र जरा निराळे सांगतो. अवघे ३० वॅट घेणारा सर्व्हर दिवसाला ०.७२ आणि महिन्याला सुमारे २२ युनिट वीज खातो. महावितरणच्या घरगुती दरांचा पहिला टप्पा १०० युनिटांना संपतो, त्यामुळे ९० युनिटांत भागवणाऱ्या काटकसरी घराचा वापर ११२ वर जाऊन वरच्या १२ युनिटांना दुसऱ्या टप्प्याचा चढा दर लागतो. या हिशेबात डिस्कची किंमत धरलेली नाही, कारण धारकही ती धरत नाही. म्हणून बचतीचा मुद्दा एकदाच, आणि तोही वीजबिल येण्यापूर्वी मांडावा. त्यानंतर ‘आपली माहिती आपल्या ताब्यात’ या मुद्द्याकडे वळावे, ज्याचे युनिटांत रूपांतर करता येत नाही.

यंत्राच्या निवडीबाबत तीन पंथ आढळतात. पहिला पंथ कचेरीतून निकाली निघालेला डेस्कटॉप घेतो. मुंबईत त्यासाठी लॅमिंग्टन रोडच्या, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाच्या, दुकानांतून घासाघीस करण्याची परंपरा आहे. दुसरा पंथ २०१२ साली बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर श्रद्धा ठेवतो आणि त्याला इतक्या डिस्क, हब व वायरी जोडतो की मूळ संगणक शोधावा लागतो. तिसरा पंथ ‘नॅस’ नावाचा, म्हणजे घरच्या नेटवर्कला थेट जोडायचा साठवणीचा तयार डबा विकत घेतो, वायर जोडतो आणि कामाला लागतो. या पंथाला मार्गदर्शनाची गरज भासत नसल्याने त्याचा येथे अधिक विचार केलेला नाही.

डिस्कचा विषय मात्र विस्ताराने पाहणे भाग आहे. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या रॅमॅक या पहिल्या व्यावसायिक डिस्कयंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, त्याचे वजन टनाच्या घरात होते आणि त्यात ५० लाख अक्षरे मावत. म्हणजे आज सकाळी एखाद्या काकांनी कुटुंबाच्या गटावर पाठवलेला सुविचाराचा व्हिडिओ त्यात मावला नसता. आजची डिस्क टेराबाइटमध्ये मोजतात, आणि एक टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट, हा आकडा अर्थसंकल्प ऐकणाऱ्यांना अपरिचित नाही. खोक्यावर ४ टेराबाइट लिहिलेली डिस्क संगणकाला जोडताच ३.६४ भरते, कारण कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १,०२४ च्या. दुकानदाराशी यावरून भांडणारा धारक नवखा समजावा.

याहून सूक्ष्म भेद सीएमआर आणि एसएमआर या दोन प्रकारांचा आहे. पहिल्यात तबकडीवरील लेखनाच्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात. दुसऱ्यात त्या छपरावरच्या कौलांप्रमाणे एकीवर दुसरीची कड चढवून बसवलेल्या असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत मजकूर अधिक मावतो, पण मधली एक पट्टी बदलायची तर तिच्यावर चढलेल्या पुढच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. कधीतरी काही साठवून ठेवायला अशी डिस्क वाईट नाही. चार डिस्कच्या संचात एक निकामी होऊन तिच्या जागी बसवलेली नवी डिस्क भरून काढताना मात्र ती इतकी संथ होते की संच तिला मृत समजू शकतो. हा भेद खोक्यावर ठळक छापलेला असेलच असे नाही, म्हणून खरेदीपूर्वी उत्पादकाचे माहितीपत्रक वाचावे.

डिस्कच्या संचाला ‘रेड’ म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात ही कल्पना मांडली : एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क अशा जोडाव्यात की त्यांतील एखादी गेली तरी मजकूर शाबूत राहावा. रेड १ मध्ये दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिला जातो. रेड ५ मध्ये किमान तीन डिस्क लागतात व कोणतीही एक गेलेली चालते. रेड ६ मध्ये किमान चार लागतात व दोन गेलेल्या चालतात. रेड ० मध्ये एकही गेलेली चालत नाही, आणि तरीही त्याला क्रमांक दिलेला आहे.

रेडविषयी धारकांमध्ये एक समजूत खोलवर रुजलेली आहे, ती अशी की रेड केले म्हणजे बॅकअप झाला. ती निखालस चुकीची आहे. रेड हे डिस्कच्या मरणापासून संरक्षण देते, धारकापासून देत नाही. बारशाच्या छायाचित्रांचा फोल्डर चुकून पुसला, तर रेड १ तो दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी, तितक्याच तत्परतेने पुसते. शिवाय डिस्कच्या मरणाचेही सगळे सरळ नसते. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात बहुधा शंभर लाख कोटी बिटांमागे वाचता न येणारी एखादी चूक मान्य केलेली असते, म्हणजे साधारण साडेबारा टेराबाइटमागे एक. आठ-आठ टेराबाइटच्या चार डिस्कच्या रेड ५ मधील एक गेली, तर नवी भरण्यासाठी उरलेल्या तिन्हींचे मिळून २४ टेराबाइट वाचावे लागतात. कागदी हिशेबाने एवढ्यात जवळपास दोन ठिकाणी ठेच लागायला हवी. प्रत्यक्षात डिस्क या आकड्यापेक्षा बऱ्याच शहाण्यासारख्या वागतात, पण त्या रात्री धारकाला झोप लागत नाही हे खरे.

सर्व्हरची जागा हा तांत्रिक प्रश्न नसून घरगुती राजकारणाचा आहे. माळा उष्ण, स्वयंपाकघर तेलकट, शयनगृह निषिद्ध. शेवटी टीव्हीच्या शेजारचा, राउटरजवळचा आणि जागता थ्री-पिन सॉकेट असलेला कोपरा ठरतो. गणपतीच्या मखरासाठीही नेमका तोच कोपरा सर्वांत योग्य असतो. भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी, विजेच्या माळांना प्लग हवा म्हणून, ‘ते खोकं दहा दिवस बंद ठेवलं तर काही बिघडतं का?’ असा प्रश्न येतो, आणि बिघडते काय हे धारकाला सर्वांसमक्ष सांगता येत नाही. तडजोड म्हणून सर्व्हर मखराच्या टेबलाखाली जातो, त्यावरून जरीचे कापड सोडले जाते, हवा कोंडते आणि एरवी ३८ अंशांवर असलेली डिस्क आरती संपेपर्यंत पन्नाशी गाठते. डिस्कचे तापमान ४५ अंशांच्या आत राखावे हा सर्वसाधारण दंडक आहे. तेव्हा कापडाची मागची बाजू मोकळी सोडावी, आणि ती का सोडली हे विचारल्यास नैवेद्याला वारा हवा असे सांगू नये, कारण ते कोणालाही पटत नाही.

वीजपुरवठ्यासाठी यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर काही मिनिटे तग धरणारा बॅटरीचा डबा, अनिवार्य आहे. बाजारात सर्वत्र मिळणारा ६०० व्हीए क्षमतेचा डबा लहान सर्व्हर आणि राउटर यांना पुरतो. तथापि, बॅटरीवर सर्व्हर चालवत राहणे हे यूपीएसचे काम नव्हे. सर्व्हर वेळेत नीट बंद करणे हे त्याचे काम आहे. त्यासाठी यूपीएसमधून यूएसबी वायर सर्व्हरला जोडून लाइट गेल्याचा निरोप पोहोचवणारी नट नावाची मोफत आज्ञावली बसवावी लागते. हे न करता नुसता डबा विकत घेणाऱ्याचा सर्व्हर लाइट गेल्यावर एकदम बंद न पडता पंधरा मिनिटांनी एकदम बंद पडतो, एवढाच फरक. आतील शिसे-आम्लाची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम टाकते, आणि तशी ती टाकलेली असल्याचे एखाद्या गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद झाल्यावर कळते. पावसाळ्यात सॉकेटात शिरणाऱ्या मुंग्यांविरुद्ध एकही आज्ञावली उपलब्ध नाही.

नेटवर्कविषयी दोनच गोष्टी. पुष्कळ घरांत इंटरनेटवाल्याने दिलेल्या राउटरची खोबण १०० मेगाबिटांची असते, त्यातून सेकंदाला जेमतेम ११ मेगाबाइट जातात, आणि एक टेराबाइट हलवायला २५ तास लागतात; गिगाबिट स्विच घेतल्यास तेच काम अडीच-तीन तासांत होते. दुसरे, परगावाहून घरचा सर्व्हर उघडण्याचे स्वप्न बहुधा सीजीनॅटपाशी अडते. सार्वजनिक पत्ते अपुरे असल्यामुळे कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते, तेव्हा बाहेरून आलेली हाक नेमकी कोणाच्या घरी पोहोचवायची हे कोणालाच ठरवता येत नाही. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर पोर्ट उघडण्यात रविवार घालवू नये. स्थिर पत्त्यासाठी कंपनीला जादा पैसे द्यावेत, किंवा भाड्याच्या एखाद्या लहान सर्व्हरमार्गे वायरगार्डचा, म्हणजे २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट असलेला, कुलूपबंद बोगदा टाकावा. भाडे चुकवण्यासाठी उभारलेल्या सर्व्हरसाठी भाड्याने सर्व्हर घेण्यात धारकांना विसंगती वाटत नाही.

देखभाल ही स्थापनेपेक्षा कठीण आहे, कारण तिच्यात विकत घेण्यासारखे काही नसते. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या अनेक आवृत्त्यांत रेडची मासिक तपासणी पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर ५७ मिनिटांनी आपोआप सुरू होते. त्या रात्री बैठकीच्या खोलीतून येणारी घरघर म्हणजे चोर नव्हे, हे घरात आधी सांगून ठेवावे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्मार्ट नावाच्या तक्त्यात ठेवते. त्यातील ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळींत शून्य असावे; तेथे शून्याऐवजी अन्य आकडा दिसू लागला आणि आठवड्यागणिक वाढू लागला, तर नवी डिस्क मागवावी. आकडा एकदाच चढून स्थिर राहिला तर धारक त्याला ‘स्वभाव’ म्हणतो आणि पुढे ढकलतो. बॅकअप असेल तर हे चालते. प्रणालीचे अद्ययावतीकरण घरी पाहुणे आलेले असताना, आणि विशेषतः सासरच्या मंडळींना लग्नाचा व्हिडिओ दाखवण्याच्या तासभर आधी, कधीही करू नये.

बॅकअपविषयी अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम अजून मोडीत निघालेला नाही : प्रती तीन, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. पहिल्या दोन अटी पैशाने पुऱ्या होतात. तिसरीसाठी माणसे जोडावी लागतात. पुण्याच्या धारकाने कोल्हापूरच्या बहिणीकडे डिस्क ठेवावी आणि दिवाळीला भाऊबीजेसोबत तिची अदलाबदल करावी, ही पद्धत कोणत्याही ढगापेक्षा स्वस्त आहे. फक्त त्या डिस्कवर भाच्याने गेम भरू नयेत म्हणून तिच्यावर ठसठशीत अक्षरांत सूचना चिकटवावी. यानंतरची पायरी जवळजवळ सर्वच धारक गाळतात : बॅकअपमधून एखादी फाइल खरोखर परत काढून, उघडून पाहणे. दर रात्री ‘यशस्वी’ असा निरोप पाठवणारा बॅकअप कित्येक महिने रिकाम्या फोल्डरच्या प्रती इमानेइतबारे काढत असू शकतो. दर तीन महिन्यांनी एक फाइल उघडावी, आणि ती छायाचित्राचीच न घेता कधी वडिलांनी कॅसेटवर टेप केलेल्या आजीच्या ओव्यांचीही घ्यावी, कारण छायाचित्र कोणा ना कोणा नातेवाइकाच्या मोबाइलमध्ये सापडते, आजीचा आवाज सापडत नाही. अठरा टेराबाइटच्या संचात ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप समर्थनीय ठरतो असा मजकूर बहुधा दोनशे जीबीत बसतो. बाकी चित्रपट असतात, आणि तेही पाहिलेले.

राहता राहिला वारशाचा प्रश्न. धारक डिस्कवर एन्क्रिप्शन करतो, म्हणजे किल्लीवाचून मजकूर कोणालाही वाचता येऊ नये अशी तजवीज करतो, आणि ‘कोणालाही’ या शब्दात पत्नी व मुले येतात हे त्याच्या ध्यानात राहत नाही. धारक आठवडाभर दवाखान्यात पडला, तरी विम्याची पॉलिसी, सातबारा आणि मुलांचे दाखले त्याच्याबरोबर अडकून पडतात. म्हणून त्याने एक कोरा कागद घ्यावा; त्यावर सर्व्हरचा पत्ता, पासवर्ड, एन्क्रिप्शनची किल्ली आणि बॅकअपची डिस्क कोणाच्या घरी कोणत्या कपाटात आहे, हे सुवाच्य मराठीत लिहावे, आणि तो कागद घराच्या करारनाम्याच्या फाइलीत लावून ते घरात दोघांना सांगून ठेवावे. कागद स्कॅन करून सर्व्हरवर ठेवल्याने हे काम होत नाही.