जागा बघणारे नाना

सहलीला निघालेल्या प्रत्येक टोळक्यात एक जण जागा बघणारा असतो. गाडी दुसरा कोणी चालवतो, स्वयंपाक तिसरा करतो, पैसे चौथा भरतो आणि पुढं वर्षभर सगळ्यांकडं मागत फिरतो. जागा बघणाऱ्याचं काम एकच. बाकीच्यांना आवडलेली जागा का चालणार नाही, हे त्यानं सांगायचं. जागा सापडली की त्याचं काम संपतं, म्हणून ती सहसा लवकर सापडत नाही.

आमच्याकडं हे खातं माझ्या थोरल्या साडूंकडं, म्हणजे नानांकडं आहे. नाना पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. अर्धी नोकरी वारणेवर, उरलेली कृष्णेच्या काठानं, आणि घर सांगलीत. आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर आलं की इशारा आणि 45 वर धोका, हे आकडे सांगलीच्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते पाणी 57 फुटांच्याही वर गेलं. तेव्हापासून नाना कुठल्याच गावात तळमजल्यावरची खोली घेत नाहीत. महाबळेश्वरलासुद्धा घेतली नाही. "कृष्णा निघते कुठून?" असं त्यांनी मॅनेजरलाच विचारलं.

अशा माणसाला नदीकाठी तंबूत झोपायला न्यायचं, ही कल्पना त्यांच्याच चिरंजीवांची, म्हणजे आमच्या भाच्याची. त्याला दांडेलीला जायचं होतं. सांगली-कोल्हापूर-बेळगावकडच्या पोरांना शनिवार-रविवार जोडून सोमवार मिळाला की दांडेली आठवते. काळी नदी, दाट जंगल, वाघांचा राखीव प्रदेश (2007 साली अणशी-दांडेली म्हणून जाहीर झालेला, 2015 पासून काळी व्याघ्र प्रकल्प), आणि खळाळत्या पाण्यात रबरी होड्या. जोयडा तालुक्यात रस्त्याला लागलं की दर फर्लांगावर कॅम्पची पाटी दिसते. त्यात 'रिव्हर व्ह्यू', 'रिव्हरसाइड' आणि 'रिव्हर टच' असे तीन दर्जे असतात. व्ह्यू म्हणजे पाण्याच्या टाकीवर चढलं तर नदी दिसते, साइड म्हणजे चालत जाता येतं आणि टच म्हणजे नदी तुमच्याकडं येते, असा अर्थ नानांनी घरबसल्या लावला. पुढं तो बराचसा बरोबर निघाला.

मग फोन सुरू झाले. कॅम्पवाल्या पोरांना जे प्रश्न यायची सवय असते ते ठरलेले असतात. वायफाय आहे का, संडास कमोडचा आहे का, चिकन अनलिमिटेड आहे का. नानांनी विचारलं, "तुमच्या तंबूचा तळ आणि नदीची आत्ताची पातळी, यांत फरक किती?"

"सर, कॅम्पफायर आहे."

"तो पातळीच्या वर आहे का?"

एका ठिकाणच्या मालकानं छातीठोक सांगितलं की आमच्याकडं पाणी कधीच येत नाही. नानांनी तिथंच फोन ठेवला. "कधीच न येणारं पाणी मी नोकरीत फार वेळा बघितलंय," असं ते आम्हाला म्हणाले. शेवटी एक जण भेटला. तो म्हणाला, "मोठ्या पावसात त्या आंब्याच्या बुंध्यापर्यंत येतंय सर, खोटं कशाला बोलू." त्याच्याकडं बुकिंग झालं. आंब्यामुळं झालं, बाकी कशामुळं नाही. जेवणाचं कुणी विचारलंच नव्हतं.

खरं तर नानांचं मन दुसऱ्याच जागेवर बसलं होतं. गणेशगुडीला सरकारी जंगल लॉजचं 'ओल्ड मॅगझिन हाऊस' म्हणून एक ठिकाण आहे. पक्षी बघणारे तिथं देशभरातून येतात. अंगणात पाण्याची भांडी ठेवलेली असतात, त्यात पाखरं आंघोळीला येतात आणि माणसं तासन्‌तास कॅमेरे लावून बसतात. नानांना पाखरांचं काही नव्हतं. सुपा धरणाचं काम चालू असताना सुरुंगाची दारू तिथं ठेवत, हे त्यांनी वाचलं होतं. "दारूगोळ्यासाठी इंजिनिअरनं निवडलेली जागा! कोरडी, उंचावर, वस्तीपासून लांब. यापेक्षा चांगली जागा जगात असेल?" तिथं खोली शिल्लक नव्हती. मॅगझिन हाऊस भरलं आहे, हे वाक्य नानांनी त्या सहलीत इतक्या हळहळीनं उच्चारलं की भेटणाऱ्याला आत काय भरलंय, अशी शंका यावी.

वाटेत रामनगर लागलं तेव्हा नानांनी गाडी थांबवायला लावली. जुनं सुपा गाव धरणात बुडालं आणि तिथली माणसं इथं आणून वसवली. नाना खाली उतरले, गटारांचा उतार बघितला आणि काही न बोलता गाडीत बसले. पुढं गणेशगुडीला धरणाची भिंत दिसली. 101 मीटर उंच, 1987 साली पूर्ण, पूर्ण भरल्यावर पातळी समुद्रसपाटीपासून 564 मीटर. हे सगळं नाना भिंतीकडं न बघता सांगत होते. खाली ओळीनं बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा. मग कारवारला समुद्र. "त्यांचं काय आहे," अक्का, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती, मागच्या सीटवरून म्हणाल्या, "हे धरण आपल्या हाताखाली नव्हतं, हे त्यांना अजून पटलेलं नाही."

कॅम्पवर पोहोचलो दुपारी एकला. तंबू आमचेच होते आणि कुठं लावायचे ते आमच्यावर होतं. इथून खऱ्या नानांना सुरुवात झाली.

भाच्यानं आल्या-आल्या नदीलगत वाळूचा एक सुरेख पट्टा हेरला. पुढं हिरवट काळं पाणी, पलीकडं झाडांची भिंत, फोटोत मागं दुसरं काहीही येणार नाही अशी जागा. नाना तिथं गेले आणि त्यांनी वाळू पाहिलीच नाही. काठच्या झुडपांच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा आणि प्लॅस्टिकची एक पिशवी पाहिली, आपल्या छातीच्या उंचीवरची. मग दगडांवरची ओली रेघ पाहिली. एक काडी घेऊन ती पाण्याच्या कडेला खोचली आणि म्हणाले, "चहा सांग."

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, डिसेंबर होता. चहा आला, भाच्याचा रुसवा उतरेपर्यंत दुसरा आला, आणि काडी पाण्यात गेली. भाचा आकाशाकडं बघायला लागला.

"वर काय बघतोस?" नाना म्हणाले. "बंगळुरात कुणीतरी बटण दाबलं की इथं पाणी वाढतं."

यात अतिशयोक्ती थोडीच आहे. सुप्याच्या पायथ्याशी पन्नास-पन्नास मेगावॅटचे दोन संच आहेत. विजेची मागणी वाढली की पाणी सुटतं, घटली की बंद होतं. इथल्या नदीला ऋतूंइतकंच विजेचंही वेळापत्रक आहे. होड्यांचा खेळही त्याच सोडलेल्या पाण्यावर चालतो. पाणी नसेल तर होडीवाले काठावर बसून राहतात. ही माहिती कॅम्पवरच्या प्रत्येक पोराला असते. पण ती पाहुण्याला सांगायची, तर आधी पाहुण्यानं विचारावी लागते. वीजघराखालची वाळू कोरडी दिसते म्हणजे ती काल रात्री कोरडी होती असं नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी नानांना सहलीचा सगळा त्रास माफ करायला तयार आहे.

पण त्रास पुष्कळ होता. माझी बायको पक्षी बघणारी. तिनं उंबराखालची सपाट जागा सुचवली, कारण झाड फळांनी लगडलं होतं आणि दोन कवड्या धनेश वर बसून मन लावून जेवत होते. नाना म्हणाले, "दिवसा हे, रात्री वटवाघळं. खाणार वर, पडणार खाली." शिवाय एक फांदी वाळलेली होती. जंगलात वाऱ्याशिवायही वाळकी फांदी पडते, तिच्याखाली झोपू नये. हेही खरंच. बांबूच्या बेटाशेजारी सावली छान होती, तर बांबूला हत्ती येतो. पाचोळ्यावर चटई टाकली, तर नानांनी ती उचलून झटकली. पाचोळ्यात गोचीड असतो आणि गोचिडामुळं माकडताप होतो. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात 1957 साली तो पहिल्यांदा ओळखला गेला. पुढं इकडंही आला आणि आपल्या दोडामार्गातही पोहोचला. "मग कोकणात जाऊ या का?" असं भाच्यानं कुत्सितपणे विचारलं. "तिथं कुठं तळमजला सोडलाय?" हे उत्तर माझ्या बायकोनं दिलं.

जरा खाली नदी संथ होते, तिथं कुणाचीच गर्दी नव्हती. ती का नाही, याचं उत्तर नानांकडं तयार होतं. दांडेलीकडच्या संथ पाण्यात मगरी आहेत. त्या उन्हाला बाहेर येतात, आणि त्यांनाही सपाट, मोकळी, नदीलगतची जागाच आवडते.

उरलं मधलं गवताचं मैदान. नानांनी खिशातून पाणसळ काढली. होय, सहलीला पाणसळ. जमिनीवर एक फळकूट टाकून त्यावर ती ठेवली, चारही दिशांनी फिरवली. अगदी सपाट जागा नको, रात्री दव आणि पाऊस साचतो. एकास पन्नासचा उतार हवा, पाणी निघून जातं आणि माणूस घरंगळत नाही. तसा उतार सापडला. आम्ही खुंट्या हातात घेतल्या. तेवढ्यात नानांच्या लक्षात आलं की ही जागा खोलगट आहे. रात्री डोंगरावरची थंड हवा जड होऊन खोलात उतरते आणि नदीकाठचा सगळा गारठा इथंच मुक्कामाला येणार.

अक्का एवढा वेळ पेटीवर बसून शेंगा खात होत्या. माझ्या बायकोनं वेळ घालवायला त्यांना धनेशाची माहिती सांगितली. नर झाडांतल्या ढोल्या दाखवतो, मादी एक पसंत करते, आत शिरते, दार लिंपून घेते आणि पिल्लं वाढेपर्यंत महिनोन्‌महिने आतच राहते. तेवढे दिवस नर फटीतून चारा भरवतो.

"सुखी आहे," अक्का म्हणाल्या. "आमच्याकडं चाळीस वर्षं ढोलीच बघणं चाललंय."

सूर्य झाडांच्या मागं गेला तेव्हा कॅम्पचा म्हातारा राखणदार आला. तो दुपारपासून लांबून हे बघत होता. बेळगावी वळणाच्या मराठीत त्यानं विचारलं, "सायेब, नक्की काय पायजे?"

नानांनी सांगितलं. पाण्यापासून वर, झाडापासून लांब, पाचोळा नको, खोलगट नको, मुरमाड जमीन, एकास पन्नासचा उतार, संडास हाकेच्या अंतरावर पण वाऱ्याच्या उलट दिशेला. ऐकून म्हातारा म्हणाला, "हाय की. या."

तो आम्हाला घेऊन गेला ती जागा म्हणजे कॅम्पचा गाडीतळ. मुरूम टाकून चोपलेला, उतार काढलेला, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. वर पत्र्याचा दिवा. तिथून नदी दिसत नव्हती, ऐकू येत नव्हती आणि ती जवळपास आहे याची काही खूणही नव्हती. नानांनी पाणसळ ठेवली. बुडबुडा बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर मी लग्नात पाहिलं नव्हतं असं समाधान पसरलं.

अशा रीतीनं काळीच्या खोऱ्यात आम्ही आमच्याच जीपच्या सावलीत दोन तंबू ठोकले. एका बाजूला बोनेट, दुसऱ्या बाजूला गॅसचे सिलिंडर. समोरच्या 'रिव्हर टच'वाल्यांचं गाणं रात्री दहापर्यंत चाललं. मग तिथून आरडाओरडा आला, बॅटऱ्या हलल्या आणि माणसं गाद्या डोक्यावर घेऊन वर येताना दिसली. पाणी फार नव्हतं आलं, घोट्याएवढंच. पण घोट्याएवढ्या पाण्यातही गादी गादी राहत नाही. नाना तंबूबाहेर येऊन उभे राहिले. त्यांनी एक शब्दही काढला नाही. न बोलण्याची त्यांना सवय नसल्यामुळं ते जड गेलेलं स्पष्ट दिसत होतं. नंतर त्यांनी राखणदाराला उठवून त्या लोकांना आमच्या शेजारी जागा करून दिली आणि त्यांच्याही गाद्यांखाली पाणसळ लावली.

सकाळी भाचा पाच वाजता उठून एकटाच नदीवर गेला आणि धुक्यातले फोटो घेऊन आला. फोटो सुंदर आले. त्यातल्या एकाही फोटोत आम्ही नाही.

निघताना नानांनी राखणदाराचा फोन नंबर घेतला आणि गाडीतळाच्या वरच्या अंगाला आणखी एक जागा आहे, ती पुढच्या वेळी बघू, असं त्याला सांगितलं. तेव्हा तुम्हाला कधी नाना, किंवा तुमच्या घरातले असेच कुणी, बरोबर न्यायचे असतील तर खुशाल न्या. वीजघराखालच्या नदीवर जाणार असाल तर जरूर न्या. फक्त दुपारी बाराच्या आत पोहोचा, शेंगा भरपूर ठेवा, आणि बुकिंग करतानाच गाडीतळावर मुरूम टाकलाय का, तेवढं विचारून घ्या.